पेजेनं मेलेला पाय

जखम भरते आहे की चिघळते आहे, हे नुसत्या नजरेनं ओळखण्याचं शास्त्र तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलं आहे. त्यात खोट एवढीच, की ते प्रत्येकाला येतं.

दहा दिवसांपूर्वी शेळ्यांना पाला तोडताना रायबा धनगराच्या उजव्या नडगीला कोयता लागला होता. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी लावायला टिंचर आयोडिनची बाटली दिली होती. एके दिवशी सकाळी बायकोनं, भागूबाईनं, ते लावलं आणि रायबा कळवळला. आग निवावी म्हणून तिनं वरून तांदळाची गार पेज थापली. पांढरीशुभ्र पेज बघता बघता निळी झाली, मग काळी.

भागूबाईनं शेजारच्या चिमाजीकाकांना हाक मारली. माणसाची जखम आणि बैलाची जखम काका सारख्याच अधिकारानं बघत.

"लाल आसली तर भरतीया. पिवळी आसली तर चिघळतीया," काका म्हणाले.

"आन काळी?"

"काळी म्या ऐकलीबी न्हाई. म्हंजे लईच वाईट आसंल. रायबा, दुखतंय का?"

"आता न्हाई. नुसतं खाजतंय."

काकांचा चेहरा पडला. "दुखत न्हाई म्हंजे पाय मेला. मेल्या पायाला कशाचं दुखतंय?"

"आन खाज?"

"ती वरच्या जित्या पायाची."

आता गुडघ्यापासून पाय कापणार, हे वाडीत सगळ्यांना कळलं. एका पायानं डोंगरात शेळ्यांमागं कसं धावायचं, हे रायबाला उमजेना. घोंगडी बांबूला बांधून झोळी झाली, चौघांनी ती उचलली आणि काकांसकट वरात वेल्ह्याकडे निघाली.

"माजी उजवी वहाण माज्या भावाला, भिमाला द्या," झोळीतून रायबा म्हणाला.

"एक वहाण घिऊन भिमा काय करील?" भागूबाई डोळे पुसत म्हणाली. "द्यायचीच तर दोन्ही द्या."

"डावी लागंल की मला."

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला. "यावर काय लावलंत?"

"कायबी न्हाई," भागूबाई म्हणाली. "पेजच तेवढी."

डॉक्टरांनी ओल्या कापसाचा बोळा फिरवला. काळं सगळं बोळ्यावर आलं. खाली घट्ट, कोरडी खपली होती.

"टिंचरवर पेज पडली की काळंच होतं. जखम भरत आलीय, म्हणून तर खाजतंय. चालत का नाही आलात?"

चिमाजीकाका भिंतीवरचा मलेरियाचा तक्ता वाचू लागले. त्यांना वाचता येत नव्हतं.

परतीच्या चढावर झोळी वाहून दमलेले चौघे मागं राहिले. रायबा पुढं निघून गेला.