चार्ज नामे टोपीकर शब्दाने किल्ल्यावर केलेल्या गोंधळाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. जिची कृपा झाली असता मुक्यास वाचा फुटते, आणि जिची कृपा अंमळ अधिक झाली असता बोलक्याची फजिती होते, त्या वाग्देवीस साष्टांग नमन करून, शके सतराशे एकोणीस, पिंगळनाम संवत्सरी, माघमासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले जात आहे. श्रोत्यांनी पानसुपारी बाजूस ठेवून ऐकावे.

राज्य लहान परंतु किल्ला मोठा, ऐसा तेथील प्रकार. महाराज कैलासवासी जाहले, पुत्र पाळण्यात, म्हणोन राणी अंबिकाबाईसाहेब कारभार पाहत होत्या, आणि शेजारच्या राज्याचे सेनापती भगवंतराव यांची नजर त्या किल्ल्यावर होती. मग बाईसाहेबांनी बंदरावरून हापसन नामे टोपीकर कप्तान, तोफांचे कामी वाकबगार, चाकरीस आणविला, आणि त्याची बोली कोणास उमजेना म्हणोन सांतोबा शेणवी यांस दुभाषी नेमिले. हे सांतोबा गलबतांवरच्या मालाचे सौदे करविता करविता इंग्रजी शिकलेले, अंगाने किरकोळ, तोफ उडाली की दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसणारे, परंतु विद्येचा अभिमान थोर. जो शब्द येई तो येई, जो न येई तोही येई. अमुक एक मज ठाऊक नाही, हे वाक्य त्यांचे मुखातून त्यांच्या कुटुंबानेही कधी ऐकिले नव्हते.

कप्तान गडावर आला आणि चहूकडे पाहून पहिलाच शब्द बोलिला तो चार्ज. किल्लेदार शिदोजी पुढे उभे होते. वयाने साठीचे, बोलणे थोडे, हुकूम आला की का म्हणोन पुसणे नाही, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेस, तो निजतानाही सुटत नसे. त्यांनी पुसिले, "शेणवी, साहेब काय मागतात?" सांतोबा म्हणाले, "तोफखान्याचा चार्ज मागतात. चार्ज म्हणजे ताबा. चार्ज द्यावा म्हणजे किल्ल्या हाती द्याव्या." शिदोजींनी तोफखान्याच्या किल्ल्या मुकाट्याने काढून दिल्या, आणि त्या दिवशी जेवले नाहीत, आणि तो शब्द त्यांच्या मनात जो रुतला तो रुतलाच.

मग त्या शब्दाचा गडावर संचार सुरू झाला. न्हाव्याने साहेबाची दाढी केली, त्यास साहेबाने विचारिले, चार्ज काय. सांतोबांनी न्हाव्यास सांगितले, चार्ज म्हणजे हजामतीचे मोल. गोलंदाजास साहेबाने तोफेकडे बोट दाखवून तोच शब्द ऐकविला, त्यास सांतोबांनी सांगितले, तोफेत जी दारू ठासावयाची ती चार्ज. एक पहारेकरी चौकीवर घोरताना सापडला, त्याजवर साहेबाने चार्ज ठेविला, तेव्हां चौकीच्या जमादारास सांगितले की चार्ज म्हणजे आरोप. ऐसे ज्याने येऊन विचारावे त्यास सांतोबांनी त्याच्या वाटणीचा अर्थ द्यावा, आणि दुसऱ्याचा अर्थ सांगू नये, कारण एकाच शब्दाचे इतके अर्थ आहेत हे बोलून दाखविले तर ऐकणारा म्हणेल की शेणव्यास नीट येत नाही, आणि हीच एक गोष्ट सांतोबांस मरणाहून कठीण वाटत असे.

बाईसाहेबांचे कान तीक्ष्ण. एके दिवशी दरबारात म्हणाल्या, "शेणवी, हा साहेब न्हाव्याशीही तेच बोलतो आणि तोफेशीही तेच बोलतो. हा शब्द आहे की खोकला?" लोक हसले. सांतोबा अदबीने म्हणाले, "बाईसाहेब, मुळात अर्थ एकच, छटा जरा निराळ्या." बाईसाहेब म्हणाल्या, "ऐन लढाईत छटा पाहावयास वेळ मिळेल काय?" सांतोबा म्हणाले, "सेवक जवळच असेल. साहेबांच्या तोंडून निघाला की माझ्या तोंडून मराठी होऊनच पुढे जाईल." बाईसाहेबांनी मान हलविली, परंतु त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

पुढे भगवंतरावांनी फौज आणून गडास वेढा घातला. सांतोबा तटावर उभे राहून साहेबाचे हुकूम ओरडून सांगू लागले, आणि धूर, धूळ आणि ओरडणे यांनी त्यांचा घसा ऐसा बसला की एके सकाळी तोंड उघडले तो नुसती हवा आली. काढा घेतला, मध चाटला, काही उपयोग नाही. आणि नेमके त्याच सकाळी हापसन साहेबाने बुरुजावर चढून पाहिले की शत्रूची फौज न्याहारीस बसली आहे आणि घोडी मोकळी आहेत. दिंडीदरवाजापाशी आपले स्वार तयार होते. साहेबाने तलवार उपसली, शत्रूच्या सेनापतीच्या पिवळ्या छत्रीकडे रोखली, आणि सर्व गडास ऐकू जाईल ऐसा तो एकच शब्द गर्जून बोलिला.

तेव्हां काय झाले ते ऐकावे. स्वारांस चार्ज म्हणजे शत्रूवर घोडे घालणे हा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता, ते शेणव्यांच्या आवाजाची वाट पाहत जागीच उभे राहिले. गोलंदाजांनी भरलेल्या तोफांत आणखी दारू ठासली, आणि मग इतकी दारू पाहून बत्ती द्यावयाचा कोणासच धीर होईना. जमादाराने त्याच घोरणाऱ्या पहारेकऱ्यास पुन्हा धरिले. न्हावी बुरुजाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, कारण मागच्या दाढीचे राहिले होते. आणि शिदोजी किल्लेदारांनी तलवारीच्या टोकाच्या रोखाने पाहिले, तो समोर पिवळी छत्री. त्यांच्या मनात आले की बाईसाहेबांनी तह केला आणि किल्ला भगवंतरावांस द्यावयाचा ठरला. त्यांचे डोळे भरून आले, परंतु हुकूम तो हुकूम. त्यांनी ठेवणीतला अंगरखा घातला, किल्ल्या चांदीच्या तबकात ठेविल्या, दरवाजा उघडविला आणि एकटेच गड उतरू लागले.

सांतोबांनी तटावरून ते पाहिले. हाक मारावी तर आवाज नाही, साहेबास सांगावे तर आवाज नाही. ज्या माणसाने आपल्या तोफेच्या आवाजास कान झाकावे, तो माणूस पगडी हातात घेऊन उघड्या दरवाजातून शत्रूच्या छावणीकडे धावत सुटला, आणि वाटेत दोनदा पडला, आणि जोडा एक गेला, आणि शिदोजींस गाठले ते थेट भगवंतरावांच्या पुढ्यात.

भगवंतराव भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून पाहत होते. शिदोजी ताठ उभे राहून म्हणाले, "हुकुमाप्रमाणे चार्ज देण्यास आलो आहे." भगवंतरावांनी विचारिले, "चार्ज म्हणजे काय?" शिदोजींनी सांतोबांकडे बोट केले. "हे दुभाषी. अर्थ यांनीच सांगितला, यांनाच पुसावे."

सांतोबा मनात एकेक अर्थ चाळू लागले. ताबा म्हणावे तर राज्य गेले. हल्ला म्हणावे तर दोघांची डोकी गेली. आरोप म्हणावे तर कोणावर, आणि हजामतीचे मोल म्हणावे तर वेडा ठरावे. जन्मात प्रथमच त्यांस वाटले की आपणास एखादा अर्थ कमी ठाऊक असता तर बरे होते. मग त्यांनी वर पाहिले. दरवाजा सताड उघडा, तटावर हालचाल नाही, एकही तोफ वाजत नाही. तेव्हां उरल्यासुरल्या आवाजात ते कुजबुजले, "सरकार, चार्ज म्हणजे दारूची भर."

"तोफेत?"

"जेथे भरावी तेथे."

भगवंतरावांनी उघड्या दरवाजाकडे पाहिले, मग तबकातल्या किल्ल्यांकडे पाहिले, मग भाकरी खाली ठेविली. शिदोजींस म्हणाले, "किल्लेदार, हे खरे काय?" शिदोजींस सांतोबांचे कुजबुजणे ऐकूच आले नव्हते, आणि ते खरे तेच बोलले. "मी आयुष्यात खोटे बोललो नाही. चार्ज द्यावा ऐसा हुकूम आहे, आणि तो आपणासच द्यावयाचा आहे. आत चलावे." हे बोलताना त्या वृद्धाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पाणी पाहून भगवंतरावांची खात्री पटली की दरवाजाआत दारू पेरली आहे, हा मरावयाचे ठरवून आला आहे आणि आपणास बरोबर नेणार. ते म्हणाले, "आज दिवस बरा नाही." आणि फौज नदीपलीकडे हलविली, आणि दोन्हीकडचे वकील बसून तह झाला, किल्ला होता तेथेच राहिला.

पुढे दरबार भरला. हापसन साहेब संतापाने लाल होऊन आला आणि शिदोजींकडे हात करून पुन्हा तोच शब्द बोलिला. सांतोबांचा घसा एव्हांना सुटला होता. बाईसाहेब म्हणाल्या, "आता कोणती छटा?" सांतोबा म्हणाले, "बाईसाहेब, साहेब किल्लेदारांवर आरोप ठेवितात, की शत्रूस दरवाजा उघडला. परंतु हा आरोप मजवर ठेवावा. शब्दाचे अर्थ पुष्कळ आहेत. मी ज्याला त्याला एकेक दिला आणि बाकीचे झाकून ठेविले, कारण मज सर्व येते ऐसे दिसावे. आणखीही अर्थ असतील. ते मज ठाऊक नाहीत."

शिदोजी त्यांच्याकडे पाहत राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "किल्ल्या शिदोजींकडेच राहतील. शेणव्यांनी राज्य घालविले आणि वाचविलेही, तेव्हां शिक्षा आणि बक्षीस एकदमच देते. साहेबांस मराठी येईपर्यंत शेणव्यांनी त्यांस शिकवावी, आणि तोवर साहेबांनी हाताने खूण करावी, तोंड उघडू नये."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी सदरेवर शिकवणी बसली, शिदोजीही ऐकावयास आले. सांतोबा पाटी पुढे ठेवून म्हणाले, "साहेब, आज पहिला पाठ." साहेबास मोतद्दाराने घोड्यास खरारा करताना हा शब्द शिकविला होता, म्हणोन त्याने तत्परतेने अंगरखा उतरविला आणि सांतोबांकडे पाठ करून बसला. सांतोबा म्हणाले, "तसे नव्हे. हा पाठ, तो पाठ करावयाचा." साहेबाने पाठ आणखी मागे सरकविली, ती थेट पाटीस टेकली. तेव्हां शिदोजी किल्लेदार, जे तरुणपणीही कधी हसल्याचे कोणास आठवत नव्हते, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि सांतोबांस म्हणाले, "शेणवी, ह्यास सगळे अर्थ एकदमच सांगा."

येणेप्रमाणे राज्य राहिले, किल्ला राहिला आणि शब्दही राहिला, तो अद्याप त्या मुलखात कोणी घेतो, कोणी देतो, कोणी लावतो, कोणी भरतो. ऐकले तैसे लिहिले. लेखणी थांबली.