दुष्काळ पाहायला आलेले साहेब

फोन आला तेव्हा छिमे अंगमो अंगणात बटाटे निवडत बसली होती.

"प्रधानजी, उद्या टंचाई पाहणी पथक येतंय तुमच्याकडं. तयारीत राहा," तहसील कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं.

छिमेच्या हातातला बटाटा गळून पडला. शुमलिंग गावची प्रधान, म्हणजे सरपंच, झाल्यापासून दोन वर्षांत तिनं चौदा अर्ज पाठवले होते. मागणी एकच : वरच्या हिमनदीपासून गावापर्यंत पाट पक्का बांधून द्या. दोन हिवाळे बर्फ धड पडलं नव्हतं. त्यामुळे जूनमध्येच नाला आटला, वाटाणा करपला, फ्लॉवरचा गड्डा अक्रोडाएवढा झाला. आता कुठं सरकारला पाझर फुटला होता. दुर्दैव एवढंच, की त्याच सुमारास आभाळालाही फुटत होता.

"पश्चिमेला बघ," तिचा नवरा अंगरूप म्हणाला. "काळंकुट्ट झालंय."

"तिकडं नको, इकडं बघ. उद्यापर्यंत येणार नाही म्हण."

"मी म्हणून काय होतंय? ते गोम्पातल्या लामांना सांग."

छिमे खरंच गोम्पात, गावच्या बौद्ध मठात गेली. जुलैमध्ये पावसासाठी पूजा तिनंच करवली होती. आता एक दिवस तो थांबवायला सांगताना तिची जीभ अडखळली. म्हातारे लामा फुन्चोग यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, जुलैमध्ये मागवला तो आत्ता पोचतोय," ते म्हणाले. "वाटेतून परत पाठवायची पूजा मला शिकवलेली नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पथकाची जीप गावात शिरली आणि पहिला थेंब तिच्या काचेवर पडला. पथकप्रमुख खिमटा साहेब खाली उतरले ते थेट घोट्यापर्यंत चिखलात. मागून तरुण अभियंता गुलेरिया छत्री घेऊन धावला. छत्री वाऱ्यानं उलटी झाली.

"दुष्काळ कुठाय?" खिमटांनी विचारलं.

"वर आहे साहेब. पाटावर चला, दाखवते."

चार महिने कोरडा पडलेला पाट त्या दिवशी काठोकाठ भरून वाहत होता. डोंगरावरून आलेलं गढूळ पाणी उसळ्या मारत खाली धावत होतं. इतकं पाणी त्यात छिमेनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

"कालपर्यंत यात उंदीर पळत होते साहेब. शप्पथ!"

"सगळीकडं हेच सांगतात," खिमटा म्हणाले. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून आतल्या आत फॉर्म भरायला घेतला. "रकाना काय म्हणतो? पाहणीच्या दिवशी पाण्याची स्थिती. कालची नाही, प्रधानजी. आजची. गुलेरिया, मुबलक लिहू की विपुल?"

"विपुल शोभतं सर."

छिमेला पाटात उडी मारावीशी वाटली. पण त्या पाण्यात बुडून मेली असती तर तोही विपुलतेचा पुरावाच ठरला असता. तिनं साहेबांना चहाला घरी नेलं. चहा होईपर्यंत थंडी एकाएकी वाढली, पावसाचा आवाज बंद पडला आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं दिसू लागलं.

"बर्फ!" गुलेरिया आनंदानं ओरडला. तो कांगड्याच्या सखल भागातला होता.

तासाभरात जीपचा ड्रायव्हर बातमी घेऊन आला. पुलाच्या अलीकडं दरड कोसळली होती. रस्ता बंद, वीज गेलेली, फोन मुका. शासन छिमेच्या घरात मुक्कामाला राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाडकन् आवाज झाला. मग दुसरा. सप्टेंबर सरत आला होता, सफरचंदाची झाडं पानांनी आणि फळांनी लगडलेली होती, आणि त्यावर दोन फूट बर्फ बसलं होतं. फांद्या मोडत होत्या. अख्खं गाव काठ्या घेऊन बागांत धावलं. अंगरूप झाडामागून झाड झोडपत होता. अठरा वर्षांपूर्वी त्यानं ही रोपं पाठीवरून आणली होती. एक झाड त्याच्या डोळ्यांदेखत बुंध्यापासून उभं चिरलं, तेव्हा तो काठी टाकून तिथंच बसला.

छिमेनं काठी उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली. "ऊठ. रडायचं ते संध्याकाळी."

तेवढ्यात पलीकडच्या झाडाखाली तिला खिमटा साहेब दिसले. कानटोपी घालून ते काठीनं फांदी हलवत होते आणि दर हलवण्याला ढीगभर बर्फ त्यांच्या कॉलरीत जात होतं. छिमेला साहेबांविषयी पहिल्यांदाच माया वाटली. तिनं संधी साधली.

"साहेब, या बर्फाच्या नुकसानीचं काही करता येईल?"

"हिमवृष्टी पंधरा नोव्हेंबरनंतर ग्राह्य असते," खिमटा दात वाजवत म्हणाले.

"मग हे काय पडलंय?"

"कागदोपत्री..." त्यांनी कॉलरीतून मूठभर बर्फ काढलं आणि त्याच्याकडं पाहत विचार केला. "अवेळी पाऊस. घनरूप."

संध्याकाळी नवं संकट उभं राहिलं. दरडीनं नळाचा पाइप वाहून नेला होता आणि नाल्यात आणि पाटात नुसता चिखल येत होता. खिमटा साहेब रोज दोन बादल्या गरम पाण्यानं आंघोळ करून, देवाचा पाठ म्हणूनच अन्न घेणारे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते टॉवेल खांद्यावर टाकून शेगडीपाशी उभे राहिले.

"प्रधानजी, पाणी?"

"हे बघा, वितळतंय." छिमेनं बर्फानं शिगोशीग भरलेलं पातेलं दाखवलं. अर्ध्या तासानं त्याच्या तळाशी तांब्याभर पाणी झालं. तेवढ्या पाण्यात घरच्या आणि पथकाच्या मिळून आठ माणसांचा चहा व्हायचा होता.

"दुसरं पातेलं ठेवा की!"

"लाकूड कुठून आणू? बर्फ दीड महिना आधी आलं. सगळं सरपण उघड्यावर भिजलंय. चहा की आंघोळ, तुम्हीच ठरवा."

साहेबांनी चहा ठरवला. मग थोड्या वेळानं त्यांनी अंगरूपला बाजूला घेऊन दबक्या आवाजात काही विचारलं. अंगरूपनं त्यांना शौचालय दाखवलं आणि हातात फावडं दिलं.

"हे कशाला?"

"आमच्याकडं पाणी नाही वापरत साहेब. वरून माती टाकायची. थोडी राखही चालते."

खिमटा साहेबांनी फावडं उलटंसुलटं करून पाहिलं. त्या क्षणी त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीतला कसला तरी पाया हलला असावा. बाहेर कमरेइतकं पाणी गोठून पडलं होतं, आणि त्यांच्या वाट्याला तांब्याभरही नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पाठ नुसता मनात म्हटला, तोही चुकला. चौथ्या दिवशी ऊन पडलं, यंत्रं लागली आणि रस्ता मोकळा झाला. निघताना खिमटांनी पिशवीतून फॉर्म काढला, 'विपुल'वर काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं : 'तीन दिवसांत दरमाणशी एक तांब्या. तीव्र टंचाई. प्रस्तुत अधिकाऱ्याने स्वतः अनुभवली. पाट तातडीने बांधावा.'

छिमेनं ते दोनदा वाचलं. तिनं साहेबांच्या गळ्यात मानाचा पांढरा शेला, खतक घातला आणि मोडक्या झाडांखालची चांगली सफरचंदं वेचून पेटीभर जीपमध्ये ठेवली. साहेब बिनआंघोळीचे, पण भरल्या मनानं गेले.

महिन्याभरानं राजधानीहून पत्र आलं. छिमेनं ते अंगणात उभ्यानंच वाचलं आणि खाली बसली.

"काय झालं?" अंगरूपनं विचारलं.

"वरच्या साहेबांना विश्वास बसत नाही. हवामान खात्याच्या नोंदीत त्याच तीन दिवसांत अडीच फूट बर्फ, आणि खिमटा साहेब लिहितात पाणी नाही. त्यांच्याकडं खुलासा मागितलाय."

"त्यांनी काय खुलासा केला?"

"एका ओळीचा. 'आपण स्वतः जाऊन राहावे.' आता वरचे साहेब जातीनं पाहणीला येणार आहेत. सोयीची तारीख आपल्याला कळवायला सांगितलीय."

अंगरूपचा चेहरा उजळला. "मग जून कळव की! जूनमध्ये पाटात उंदीर पळतात. दुष्काळ डोळ्यांना दिसेल."

छिमे हसली. तिनं कुंपणापलीकडच्या पांढऱ्या डोंगराकडं पाहिलं, घरात जाऊन लेखणी आणली आणि उत्तर लिहायला घेतलं : 'जानेवारीचा पहिला आठवडा सर्व दृष्टींनी सोयीचा राहील.'

"अगं, जानेवारीत?" अंगरूप घाबरला. "रस्ता उघडला तर दोन दिवस उघडतो. येतील कसे ते?"

"येतील त्या दोन दिवसांत," छिमे पाकीट चिकटवत म्हणाली. "परत जाता आलं नाही म्हणजे झालं."