मनोहरभाऊंच्या रणगाड्याचं बूड

मनोहरभाऊ रणगाडे बनवतात. मूल गावच्या बाजारात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, तरी बनवतात. लोखंड लागत नाही, मंत्र लागतात.

हे जरा समजावून सांगावं लागेल, कारण माझ्या बायकोच्याही ते अजून डोक्यात शिरलेलं नाही. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही चार घोडे मागच्या खोलीत खेळ मांडतो. गोष्ट मी सांगतो: समोर किल्ला, वर ड्रॅगन. बाकीचे त्या गोष्टीतले वीर. आपला वीर काय करतो ते बोलून सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर राजा, एक पडला तर मेलात. कॉलेजात भूगोल शिकवणारा माझ्यासारखा पन्नाशीचा माणूस हे करतो, शटर ते लपवायलाच ओढलेलं असतं.

भाऊ पहिल्यांदा आत आले ते आम्ही जुगार खेळतो का बघायला. पैसे नाहीत हे कळल्यावर त्यांना आमची कीव आली आणि ते बसले. त्यांना जादूगार केलं. जादूगाराने मंत्र मारून राक्षस जाळावेत, ही जगाची रीत. भाऊंनी मंत्रांची जोडाजोड सुरू केली. लोखंडी बंडी, म्हणजे बैलगाडी, घ्यायची, ती मंत्राने पिसासारखी हलकी करायची. आत पाण्याचा मंत्र, त्याखाली आगीचा, की झाली वाफ. वाफेवर चाकं. मागे तेलाचा मंत्र, म्हणजे पाठलाग करणारे पडलेच. "मंत्राले मंत्र जोडाचा सर, एकट्या मंत्रात दम नाई," हे त्यांचं पालुपद. माझी अख्खी राक्षससेना त्या तेलावर घसरली. मी घरी जाऊन नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं, एकही नियम भाऊंच्या विरुद्ध सापडला नाही.

एक खोड मात्र होती. वज्रलेपाचा मंत्र लावला की पत्रा फुटत नाही. भाऊ तो सगळाच्या सगळा गाडीच्या बुडाला लावत. छताला थेंबभर उरत नसे. ड्रॅगन वरून आग ओकायचा, सगळे भाजून मरायचे, बूड शाबूत. बँकेतला पंकज वैतागायचा. आमच्यातल्या मेश्राम मॅडम म्हणायच्या, भाऊंच्या गाडीत मेलेल्या माणसाला बसायची सोय उत्तम.

फाशांशेजारी भाऊंचा फोन उताणा पडलेला असतो. मुलगा, सचिन, भामरागडकडे पोलिसांची गाडी चालवतो. रेंज मिळाली की तो फोन करतो आणि भाऊ ऐन लढाईतून उठून जातात. खेळात फोन नको, असा नियम मी केला होता. पण दुकान त्यांचं होतं.

शेवटी एकदा मी चिडून विचारलंच. ड्रॅगन वरून येते ना भाऊ, मग बुडालेच काऊन लावता?

भाऊ टोनरने काळे झालेले हात पुसत म्हणाले, "ड्रॅगन दिसते तरी सर. रस्त्यात पुरलेलं दिसत नाई."

आमच्या खेळात सुरुंग नव्हतेच. ते भामरागडच्या रस्त्यांवर होते आणि भाऊंच्या डोक्यात होते. जिल्ह्याजिल्ह्यांचे नकाशे फळ्यावर डोळे मिटून काढणाऱ्या मास्तरला इतके दिवस हे सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी सचिनचा फोन आलेला नव्हता. आठवडाभर नव्हता. भाऊ तरी येऊन बसले. गाडी जंगलातून काढतो म्हणाले. मी पुठ्ठ्याआड फासा टाकला. फासा लपवायचा हक्क खेळात गोष्ट सांगणाऱ्याला असतो.

एक पडला.

मी नियमांचा मोठा कैवारी. मॅडमच्या वीराला त्यांच्या वाढदिवशी मारलंय मी. फासा मुठीत घेतला आणि म्हणालो, वीस. गाडी पार.

पंकजने खुशीत टेबल बडवलं. भाऊ फोनकडे बघत होते.

"चालवणाऱ्याले काई नाई ना झालं, सर?"

"काई नाई भाऊ," मी म्हणालो. "गाडी बाजूले लावली त्यानं. चाय पिऊन राह्यला."