सत्त्याहत्तर पायऱ्या आणि दोन बादल्या

चौतीस वर्षांत मी अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचे, अकरा नायक लिहिले आणि अकराही जण ओरडून बलवान झाले. शत्रूने तुडवायचं, नायकाने ओठावरचं रक्त पुसायचं, मेलेल्या गुरूचा चेहरा आठवायचा, बोंब ठोकायची. की कालपर्यंत दप्तर न पेलणारं पोर आज डोंगर फोडतं. बोंबलून ताकद येत असती, तर तोक्योच्या मासळीबाजारातले लिलाववाले एव्हाना देशावर राज्य करत असते.

बारावा नायक मात्र प्रामाणिक असणार होता. निवृत्तीआधीची माझी ही शेवटची मालिका. सुरुवातीच्या गाण्यात पडद्यावर माझं एकट्याचं नाव येणार होतं, आणि त्या नावाखाली एक तरी खरं पोर उभं राहावं एवढीच इच्छा होती.

ओगिकुबोच्या स्टुडिओतल्या बैठकीत मी जाहीर केलं, "आपला तेप्पेई पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन देवळाच्या सत्त्याहत्तर पायऱ्या चढायला शिकेल. वर खलनायक गोमा उभा. आणि तेप्पेई एका भागात तेवढ्याच पायऱ्या चढेल, जेवढ्या मी स्वतः त्या आठवड्यात चढेन."

आमचे निर्माते इगाराशी म्हणाले, "फार उत्तम कल्पना आहे. विचार करतो." आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला चौतीस वर्षांत पहिल्यांदाच विसरायला झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन बादल्या भरून आमच्या गल्लीतल्या देवळात गेलो. पहिला आठवडा, एकोणीस पायऱ्या. पहिल्या भागात तेप्पेई एकोणिसाव्या पायरीवर धापा टाकत बसला. दुसरा आठवडा तेवीस. चौथ्याला एकतीस. मी घरात छाती काढून फिरू लागलो.

"अहो, दारातून आडवे या," बायको फुमिए म्हणाली. "चौकट नवीन आहे."

देवळाच्या पायऱ्यांवर रोज मुनाकाताबाई भेटायच्या. वय एक्याऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी. दोन भरलेल्या बादल्या घेऊन त्या माझ्या शेजारून वर जायच्या, फुलझाडांना पाणी घालायच्या आणि उतरताना विचारायच्या, "गुरुजी, आज इथेच का?"

पाचव्या आठवड्यात बादली उचलली आणि कंबरेत असा आवाज झाला, जसा कुणी कोरडा बांबू मोडावा. डॉक्टरांनी तीन आठवडे सक्त आडवं राहायला सांगितलं.

शब्द म्हणजे शब्द. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या भागांत तेप्पेई झोपून राहिला.

चित्रकार खूश. झोपलेल्या माणसाला चित्रं फार लागत नाहीत. त्यांचे प्रमुख हाचिसुका तांदळाच्या कुरकुरीत वड्यांचा डबा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, आठ वर्षांनी मी मुलीच्या शाळेत गेलो. ती माध्यमिकला गेली आहे म्हणे." गोमाला आवाज देणाऱ्या नटाचा मात्र फोन आला. "गुरुजी, तीन भाग मी पायऱ्यांवर उभा राहून नुसता हसतोय. नक्की कशाला हसतोय?"

मग इगाराशी आले. हातात फीत बांधलेलं खरबूज. रुग्णाला खरबूज आणतात, पण एवढं महागाचं मरणाऱ्यालाच.

"गुरुजी, आठव्या भागात तेप्पेई जिंकायला हवा. सोनेरी चिलखतातली खेळणी दुकानांत पोहोचलीत."

"एकतीस पायऱ्यांवर चिलखत?"

"पायऱ्या मोजतं कोण?"

"मी."

"मुद्दा तोच आहे," ते हळूच म्हणाले.

जरा उठता यायला लागल्यावर देवळात गेलो आणि मुनाकाताबाईंना विचारलं, "बाई, तुम्ही एवढं कसं चढता? गुपित काय?"

"गुपित कसलं? वर नळ नाही. चाळीस वर्षं झाली, अजून बसवतायत."

मला उत्तर मिळालं. त्याच दुपारी आठवा भाग लिहिला. पहिल्याच दृश्यात काळ्या पडद्यावर अक्षरं: चाळीस वर्षांनंतर. सत्तावन्न वर्षांचा तेप्पेई सत्त्याहत्तरावी पायरी चढतो. वर नव्वदीचा गोमा बाकावर बसलेला. तेप्पेई त्याला पाणी पाजतो. सोनेरी चिलखत पोटावर बसत नाही, म्हणून ते खुंटीला टांगलेलं. इतकं खरं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

इगाराशींनी शेवटपर्यंत वाचलं, उठले आणि कंबरेतून वाकले. वाकतच गेले. निर्माता एवढा खाली वाकला की काम गेलं म्हणून समजावं.

माझ्याच हाताखालच्या नागासेने तो भाग एका दुपारी नव्याने लिहिला. तेप्पेई अंथरुणातून उठला, मेलेला गुरू आठवला, बोंबलला आणि सोनेरी झाला. माझं नाव सुरुवातीच्या गाण्यातून निघालं. शेवटी, आभाराच्या यादीत, बादल्या पुरवणाऱ्या दुकानाखाली आलं.

फुमिएने तो भाग शेवटपर्यंत पाहिला. "छान लढला हो. तीन आठवडे झोपला होता, ताकद साठली असणार."

प्रेक्षकांनीही हेच लिहिलं. शेकड्यांनी पत्रं आली. एवढी पटणारी शक्तिवाढ कुठल्याच मालिकेत पाहिली नाही, आधी विश्रांती दाखवायला धाडस लागतं, नागासेसाहेबांना सलाम. नागासेला वर्षअखेरीस पारितोषिक मिळालं. भाषणात त्याने माझ्या कंबरेचे आभार मानले नाहीत.

हल्ली मी पुन्हा पायऱ्या चढतो. कुणासाठी नाही. एकतिसावी आली की पाय थांबतात. परवा तिथेच उभा होतो. मुनाकाताबाई वरून रिकाम्या बादल्या घेऊन उतरल्या.

"गुरुजी, ओरडा की जरा," त्या म्हणाल्या. "तुमचा तो पोरगा ओरडतो तसं. माझी नातवंडं म्हणतात, होतं त्याने."

"बाई, माझा सगळा विरोध त्यालाच होता."

"बरं, राहिलं," म्हणून त्या गेल्या.

मी खाली पाहिलं, वर पाहिलं. देवळात चिटपाखरू नव्हतं. मेलेला गुरू आठवला आणि ओरडलो.

बत्तीस.