ग्रहणातली अंडी

आमच्या अमरावतीच्या कॉलेजातले वानखडे सर बोलताना माणसाच्या गळ्याकडे पाहत. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी. पाच वर्षांत मला मिशा आहेत हेही त्यांना कळलं नसावं. अकोल्याला मुलगी पाहायला मी हौसेनं त्यांना सोबत नेलं, ही चूक माझीच. नावगाव विचारायचं सोडून हे म्हणाले, "बाई, घोटभर पानी गिळून दाखवता का?" गिळताना थायरॉइडची ग्रंथी वरखाली होते, ती त्यांना पाहायची होती. मुलीचा बाप उखडला, मुलगी मात्र निमूट पाणी प्यायली. तीच माझी बायको, आणि सरांचा विषय निघाला की अजून पाण्याचा पेला मागते.

सर घरी कंदिलाच्या उबेवर, खोक्यात कोंबडीची अंडी उबवत. तिसऱ्या दिवशी एखादं फोडून भिंगाखाली धरत. जिभेच्या बुडाशी त्या ग्रंथीचा ठिपका उगवतो, मग खाली गळ्यात उतरतो. "पन त्याले हुकूम कोन देते?" हा त्यांचा चहाच्या टपरीवरचाही सवाल. आईबापाकडून आलेली जीन देते, हे उत्तरही तेच देत. कोणती जीन, ते जगात कोणालाच ठाऊक नाही म्हटलं, तर म्हणत, "मंग आपन शोधू."

मी हसायचो. मग एका सूर्यग्रहणाला त्यांनी मला घरी बोलावलं, आणि माझं हसू जिरलं. त्यांची बहीण शांता पंचवीस वर्षांची, उंची सात वर्षांच्या पोरीएवढी. जिच्या रसानं अंग वाढतं, ती ग्रंथी तिच्या गळ्यात घडलीच नव्हती. शांता पोटात असताना माय ग्रहणात विळीवर बसली म्हणून पोर अशी निपजली, असं गावानं ठरवलं होतं आणि मायनं मानलं होतं. तेव्हापासून तिनं विळीला हात लावला नव्हता. भाजी सरच चिरत.

ग्रहण नेमकं तिसऱ्या दिवशी यावं, अशा बेतानं सरांनी नऊ अंडी मांडली होती. खोक्याशेजारी विळी ठेवून त्यांनी मायला कोहळं चिरायला बसवलं. ती दोनदा उठू लागली. ग्रहण सुटेपर्यंत सरांनी तिला उठू दिलं नाही.

एकविसाव्या दिवशी नऊच्या नऊ पिल्लं धडधाकट निघाली. शास्त्राच्या दृष्टीनं प्रयोग लंगडाच. मायनं एकेक पिल्लू हातात घेऊन गळा चाचपला.

"म्हंजे माह्यानं नाही झालं?"

"नाही, माय. तुह्या विळीनं काहीच नाही झालं."

सर तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. मायनं पदरानं तोंड पुसलं, विळी पुढ्यात ओढली आणि शांताला आवडतात म्हणून वांगी मागितली.