बापाच्या जाग्यावर

आमच्या गावच्या शाळेत पालक सभा भरली की शालिकभाऊ नऊ मुलांचे बाप व्हायचे. एरवी त्यांना एकही मूल नाही. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही, आणि आता साठी उलटली. घरात ते आणि एक शेळी. पण सभेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, डोक्याला तेल चोपडून ते सगळ्यांच्या आधी हजर असत आणि पहिल्या बाकावर बसत. बाक तिसरीच्या मुलांसाठी केलेला. भाऊंचे गुडघे हनुवटीला टेकत.

हे कसं सुरू झालं ते सांगतो. आमचं गाव वलगावच्या पुढे. निम्मं गाव भाजीवर जगतं: मेथी, पालक, वांगी, सांबार (आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो) आणि थोडा झेंडू. माल पहाटे अमरावतीला जातो आणि माणसं परतेपर्यंत दुपार होते. पालक सभा मात्र सकाळी दहाची. शालिकभाऊंचा मळा एवढासा. त्यांच्या जुड्या शेजारच्या गजाननच्या गाडीतून जात, त्यामुळे ते गावातच असत. एकदा कोणीतरी म्हणालं, "काका, सभेले जाऊन या ना. मॅडम काय म्हनते ते ऐकून घ्या." मग एकाचे दोन झाले, दोनाचे नऊ.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक-सदस्य आहे. अमरावतीला एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, म्हणून हजेरीचा कागद माझ्याकडे असतो. कागदावर चौदा सह्या, त्यातल्या नऊ एकाच हातच्या. वर्गात डोकी मोजली तर सहा. मी भाऊंना म्हणालो, "हे नियमात बसत नाही."

"नसंन बसत," ते म्हणाले. "पन त्या पोट्ट्याइचं कोनी आलंच नाई असं लिहिलं, तर ते बरं दिसते का?"

नऊ बापांची कामं ते मनापासून करत. तिसरीच्या नलिनी मॅडम मूळच्या हिवरखेडच्या, शिकवायला चांगल्या आणि बोलायला रोखठोक. त्यांनी नाव पुकारलं की भाऊ उठून उभे राहत आणि हात जोडत.

"बोला मॅडम. मी बापाच्या जाग्यावर हावो."

"रोहितचा गृहपाठ आठ दिवसांपासून नाही."

"चूक माही हाय. मी त्याले मिरच्या तोडाले लावतो."

"तुम्ही लावता?"

"म्हनजे त्याचा बाप. सध्या तो मीच हावो ना."

एकदा रोहितने कुणालचं दप्तर नालीत फेकलं. दोघांचेही बाप शालिकभाऊ. त्यांनी आधी रोहितच्या बाजूने माफी मागितली, मग कुणालच्या बाजूने भरपूर रागावले, "असं वळन लावलं का तुमी पोराले?" असं मोकळ्या बाकाकडे पाहून विचारलं, आणि शेवटी दोघांच्या वतीने प्रकरण मिटवलं. मॅडम फळ्याकडे तोंड करून हसत होत्या.

कोणाची तारीफ झाली की मात्र त्यांना बोलता येत नसे. मॅडम एकदा म्हणाल्या, "तुमची मुलगी वर्गात सगळ्यात छान वाचते." मुलगी आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईची. शालिकभाऊंनी जोडलेले हात सोडलेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, अजून एक डाव म्हना."

संध्याकाळी ते घरोघरी निरोप पोचवत. तिथे त्यांची खरी कारागिरी दिसे. मॅडमनी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी बापाच्या कानावर दीड जाई. "पोरगं हुशार हाय. अक्षराकडे थोडंसं पाहा म्हने." बस. मी एकदा हटकलं, की निरोप आहे तसा पोचवायला हवा. भाऊ तेव्हा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. पिवळं पान खुडून बाजूला टाकत म्हणाले, "असं पान ठेवून जुडी बाजारात नेली, तर गिऱ्हाईक पुरी जुडीच फेकते, भाऊसाहेब."

यामागे कारण होतं. पहिल्या वर्षी त्यांनी गजाननला त्याच्या मोठ्या मुलाबद्दल सगळं खरं सांगितलं होतं. गजानन माणूस कष्टाळू, व्यसन कसलं नाही, पण हात चटकन उठतो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर ठिबकच्या नळीचे वळ होते. शालिकभाऊंनी ते पाहिले. त्या दिवसापासून ते निरोप निवडू लागले.

गाळलेला भाग मात्र ते वाया जाऊ देत नसत. तो ते थेट मुलांना सांगत. शाळा सुटताना फाटकाशी उभे राहायचे, मुलाला बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, "तुह्या बापाले मी नाई सांगितलं. पन मले सगळं मालूम हाय. आता तू आन् मी मिळून पाहू." मुलं ऐकत. नळीपेक्षा हे बरं, हे त्यांना कळत होतं. गृहपाठ होऊ लागले, मारामाऱ्या कमी झाल्या. मलाही पद्धत वाईट वाटेना.

मागच्या वर्षी गजाननची धाकटी ईश्वरी तिसरीत आली. माझी मुक्ताही त्याच वर्गात. ईश्वरी बारीक, गोरीपान, फार न बोलणारी. पोळ्यानंतरच्या सभेत मॅडम म्हणाल्या, "ईश्वरी वर्गात डोकं टेकवून झोपते. खेळाच्या तासाला बसून राहते. खिचडी टाकते. मागच्या वर्षी अशी नव्हती. घरी मोबाईल पाहत जागते का विचारा, आणि आई-वडिलांनी एकदा मला भेटायला सांगा."

शालिकभाऊंनी गजाननला सांगितलं, "पोरगी शांत हाय. मॅडमले तरास नाई तिचा."

आणि फाटकाशी ईश्वरीला सांगितलं, "बाई, वर्गात निजू नको. खेळाच्या टायमाले बसून नको राहू. मॅडमच्या डोळ्यात येते. पळत जा जराक."

ईश्वरी पळू लागली. मुक्ता घरी सांगायची, की ईश्वरीला झोप आली की ती आपणहून उभी राहते आणि उभ्यानेच लिहिते. मॅडमनाही वाटलं, सुधारणा आहे. दिवाळीनंतरच्या सभेत त्या म्हणाल्या, "झोपणं कमी झालं, पण धाप लागते तिला. आई-वडील अजून आले नाहीत." भाऊ म्हणाले, "येतील मॅडम, हंगाम हाय ना." घरी जाऊन सांगितलं, "सुधरून रायली पोरगी."

घरी ईश्वरी गुडघे दुखतात म्हणत असे. तिची आई सुनंदा तेल चोळून देत असे. वाढत्या वयात दुखतातच असं सगळ्यांनाच वाटतं. मधूनमधून ताप येई आणि गोळीने उतरे. शाळेत काय होतं ते घराला माहीत नव्हतं, घरी काय होतं ते शाळेला माहीत नव्हतं. दोन्ही बाजू ठाऊक असू शकणारा माणूस एकच होता आणि तो लेकराला मार बसू नये एवढंच पाहत होता.

जानेवारीत शाळेच्या धावण्याच्या शर्यती झाल्या. ईश्वरीने नाव दिलं होतं. शालिकभाऊ दोरीच्या कडेला उभे राहून ओरडत होते, "पळ माय, पळ!" ती अर्ध्यावर थांबली, खाली बसली आणि उठली नाही. ओठ निळे पडले होते.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छाती ऐकली, फोटो काढले, आणि सांगितलं की हृदयाची एक झडप खराब झाली आहे. घशाचा साधा आजार, त्यातून सांध्यांचा ताप, त्यातून हे. सुरुवातीलाच आणली असती तर एवढं नुकसान कदाचित झालं नसतं. आता दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, कित्येक वर्षं. पुढे ऑपरेशन लागेल की नाही ते तेव्हाचं तेव्हा. "धाप कधीपासून लागत होती?" त्यांनी विचारलं.

व्हरांड्यात आम्ही सगळेच होतो. नलिनी मॅडम म्हणाल्या, "मी दोन सभांमध्ये सांगितलं. भेटायला बोलावलं होतं."

"मले कोनी नाई सांगितलं," गजानन म्हणाला. मग त्याने मान वळवली. शालिकभाऊ भिंतीला टेकून उभे होते.

"काका, तुमी काय सांगितलं होतं मले? पोरगी शांत हाय म्हने."

"हाव. तसंच सांगितलं."

"काहून?"

भाऊ हळू म्हणाले, "तू मारतो म्हनून."

गजानन जमिनीवरच बसला. मला वाटलं होतं तो अंगावर जाईल. पण तो फरशीकडे पाहत म्हणाला, "मारलं असतं. मारलंच असतं मी, काका. पन मंग दवाखान्यात तर आनलं असतं." सुनंदाने तोंडात पदर कोंबला. थोड्या वेळाने गजानन उठला आणि एवढंच म्हणाला, "आता माह्या दारात येऊ नका."

मॅडम बाकावर बसून रडत होत्या. "मला घरी यायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "शाळेपासून पाच मिनिटांवर घर आहे यांचं."

पुढच्या महिन्यात समितीने दोन गोष्टी ठरवल्या. सभा सकाळऐवजी दुपारी चारला, बाजारातून माणसं परतल्यावर. आणि आई किंवा वडीलच हवेत. दोघांनाही जमलं नाही तर मॅडम घरी जातील. त्या सभेला सव्वीसपैकी बावीस घरची माणसं आली, सह्या बावीस हातच्या. इतकी साधी गोष्ट होती. गजाननला मुलीचा वर्ग कुठला ते मात्र शिपायाला विचारावं लागलं. मॅडमनी त्याला समोर बसवलं आणि ईश्वरीचं सगळं सांगितलं, गणितात मागे पडल्याचंही. मग म्हणाल्या, "भाऊ, मी खरं सांगावं असं वाटत असेल, तर तुमच्या हाताची मला भीती वाटायला नको." गजानन मान खाली घालून म्हणाला, "नाई उचलनार." मुक्ता सांगते, अजून तरी उचललेला नाही.

शालिकभाऊ आले नाहीत. त्यांना या म्हणावं असं कोणाच्या मनात आलं नाही. ते फाटकाशीही उभे राहत नाहीत. शाळा सुटायच्या वेळी मळ्यात असतात. त्यांच्या जुड्या आता दुसऱ्याच्या गाडीतून जातात.

माझी कचेरी त्या दवाखान्याजवळ आहे. इंजेक्शनच्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डोकावून येतो. सुनंदाला कागद वाचून दाखवायला कोणी असलं की बरं पडतं. परवाही गेलो होतो. बाहेर पडलो तर फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, शालिकभाऊ उभे. दर खेपेला ते एसटीने येतात आणि गजाननची गाडी गेल्यावर रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात.

"झालं?"

"झालं."

"रडली?"

"थोडीशी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "भाऊसाहेब, पुरं सांगा. जसं झालं तसं."

मग मी सांगितलं. खूप रडली. आईच्या हाताला चावली. दुसऱ्या नर्सला बोलवावं लागलं. गजाननने पाय धरले आणि तोंड भिंतीकडे केलं. छातीतला आवाज अजून तसाच आहे, डॉक्टर म्हणतात. पळायला कायमची मनाई आहे. शाळेत जाते, पण मधल्या सुट्टीत एकटीच वर्गात बसते, हे मुक्ताने सांगितलेलंही सांगितलं.

मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तेव्हा ऐकू यावं म्हणून ते जवळ सरकले.

"माहं नाव काढलं का तिनं? कधी?"

"नाही," मी म्हणालो.

शालिकभाऊंनी मान हलवली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पुढची तारीख कोनती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली. ती तोंडातल्या तोंडात म्हणत ते एसटी स्टँडकडे चालू लागले.