अकरा हिरवे-पिवळे शर्ट

फुटबॉलचा इतिहास मला ऑफिसातल्या टायवाल्यांनी शिकवू नये. लाल जर्सी घालून टीव्हीपुढे बोंबलणाऱ्या शंभर जणांना विचारा, मँचेस्टर युनायटेड काढलं कुणी? एखाद्या लॉर्डाने? अजिबात नाही. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांनी, १८७८ साली. नाव न्यूटन हीथ, शर्ट अर्धा हिरवा, अर्धा पिवळा. मी दहावी नापास वेल्डर. पण हे सगळं दुबईत, अल क्वोजच्या वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचून पाठ केलं.

कशासाठी? रजेसाठी. घरच्या गणपतीची पाळी यंदा आमची. पाच भावांत फिरत फिरत आली. आणि आमचे मालक हम्मादसाहेब म्हणाले, "भिवा, ऑर्डर बहुत है. इन्शाल्ला, देखेंगे." दहा वर्षं इथे काढलेल्या माणसाला समजतं. रजा गेली.

पण साहेब म्हणजे या क्लबचे वेडे. केबिनचं कार्पेटसुद्धा लाल. शेजारच्या वर्कशॉपशी आमची वार्षिक मॅच, शर्ट शिवून आणायचं काम माझ्याकडे. म्हटलं, मूळ रंग बघितला की साहेब मिठी मारतील आणि तिथल्या तिथे सही करतील.

"लाल ले ले यार, सब लाल लेते हैं," फोरमन अक्रम म्हणाला.

"लाल नवशिक्यांचा रंग, अक्रमभाई. मैं जड़ से पढ़ा हूँ."

मॅचच्या दिवशी साहेब गाडीतून उतरले. समोर रांगेत आम्ही अकरा जण, हिरवेपिवळे, अर्धवट पिकलेल्या आंब्यांसारखे. साहेबांनी गॉगल काढला. चेहरा नासलेल्या दुधासारखा.

"ये किसने किया?"

मी छाती काढून पुढे. "मैंने, साहेब. पूरा हिस्ट्री पढ़ के."

"पूरा?"

"पूरा."

वाचलं होतं १९०२ पर्यंत. तेव्हा क्लब बुडता बुडता वाचला, नाव बदललं, शर्ट लाल झाला. पुढे काय, नुसते कप जिंकले असतील, असं समजून मोबाईल खिशात टाकला होता.

साहेबांनी अक्रमला बाजूला नेलं. तो परत आला तो तापलेल्या पत्र्यावर चालल्यासारखा.

"अरे भिवा, २०१० में वहाँ के लोग यही रंग पहनकर मालिकों के ख़िलाफ़ खड़े हुए थे. 'मालिक हटाओ' का रंग है ये! साहब पूछ रहे हैं, मैंने इनका क्या बिगाड़ा?"

मी खुलासा करणार, तोवर साहेब गोलकीपर रामेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून उभे. "बोलो हबीबी, क्या तकलीफ है?"

रामेश्वर आमच्या पलीकडच्या वाडीतला. त्याला बारा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, लेबर कॅम्प का कूलर बंद है. दो महिना."

मग सगळेच सुटले. बसचा एसी, किचनमधला एकच चालू बर्नर, फाटलेले सेफ्टी शूज. अकाउंट्सचा सुजीत पुण्याचा, टाय लावून मॅच बघायला आलेला. त्याला साहेबांनी लिहायला बसवलं. तीन पानं झाली.

"और साहेब," रामेश्वर शेवटी म्हणाला, "गणपती का छुट्टी."

"दिया."

मी उडी मारली. "मेरा भी, साहेब!"

"तुम लीडर हो," साहेब म्हणाले. "तुम जाएगा तो ये तीन पेज कौन पूरा करवाएगा? एक महिना रोज़ मेरे साथ बैठो. खलास."

खरं सांगून टाकायचं होतं. पण दहा जण माझा हात दाबत होते. रंग चुकून आला असं म्हटलं असतं तर कदाचित रजा मिळाली असती, पण कूलर गेला असता. म्हटलं, "जी साहेब."

मॅच आम्ही सहा-शून्य हरलो.

घरी फोन केला. बायको, नर्मदा, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "असू दे. रामेश्वरभाऊजी येतायत ना, ते बसतील पूजेला. तुमचा फोटो ठेवू का बाजूला?"

नको म्हटलं. आपल्याकडे कोपऱ्यात माणसाचा फोटो दिसला की येणारा-जाणारा हार घालतो.